मीठ वाढण्यापासून

मे महिन्यात आमच्या ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत दुपारी पाचच्या आधी कुणी दार उघडत नाही. बाहेर नुसत्या झळा असतात. अशाच एका दुपारी साडेतीनला कडी वाजली, म्हणून मी घाबरूनच उठले. दारात शेजारच्या वाड्यातली मुलगी उभी होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये काही कागद.

"काकू, तुमच्या ओळखीचं एखादं हॉटेल सांगा ना. पत्र हवंय."

पाणी पिऊन झाल्यावर तिने फॉर्म पुढे केला. हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंटचं दुसरं वर्ष. इंटर्नशिप, ४ क्रेडिट, १२० तास. खाली हॉटेलच्या शिक्क्यासाठी एक चौकोन आणि सहीसाठी एक ओळ.

"पत्र हवंय की काम?" मी विचारलं.

"पत्र मिळालं की काम होईलच ना," ती म्हणाली.

माझा प्रश्न तिला नीट कळला नव्हता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. कुठूनही पत्र आणा, तास भरा, शिक्का घ्या, एवढंच तिला सांगितलेलं होतं.

मी सव्वीस वर्षं ग्वाल्हेरातल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस हा विषय शिकवला. त्यातली चौदा वर्षं मुलांना ट्रेनिंगला लावायचं काम माझ्याकडे होतं. त्या चौदा वर्षांत 'पत्र मिळालं की काम होईलच' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढेपुढे मलाही ते खरं वाटू लागलं होतं. ते का खरं नाही, हे मला एका मुलाच्या लॉगबुकाने शिकवलं. त्याच्याकडे येतेच.

आधी तासांचं. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो क्रेडिटचा आराखडा दिला, त्यात इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट आहेत, आणि अशा प्रत्यक्ष कामात १ क्रेडिट म्हणजे ३० तास धरतात. म्हणजे या मुलीचे १२० तास झाले आठ-आठ तासांचे पंधरा दिवस. साहित्याच्या किंवा वाणिज्याच्या मुलाने पंधरा दिवस एखाद्या कचेरीत काढले तर त्याला बाहेरच्या जगाची थोडी हवा लागते, आणि तेवढाच हेतू असेल तर ठीकच आहे. हॉटेलात मात्र पंधरा दिवसांत पाय उभं राहायला शिकतात, इतकंच. डोकं आणि डोळे कामाला लागतात ते त्यानंतर. राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषदेच्या, म्हणजे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कौन्सिलच्या अभ्यासक्रमात ट्रेनिंग १७ आठवड्यांचं असतं. फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, किचन आणि सर्व्हिस या चारही खात्यांत साधारण महिना महिना. अर्धा वर्ग तिसऱ्या सत्रात जातो, अर्धा चौथ्या. एकाच वेळी सगळी मुलं हॉटेलांच्या दारात जाऊन उभी राहू नयेत, आणि हॉटेलांनाही वर्षभर हात मिळावेत, असा त्यामागे विचार आहे. आमच्याकडे महाराजपुऱ्याला असलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटची मुलं याच पद्धतीने जातात.

विद्यापीठांच्या साध्या पदव्यांत मात्र ही इंटर्नशिप बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, आणि ग्वाल्हेर-आग्र्याकडच्या हॉटेलांचा हंगाम असतो ऑक्टोबर ते मार्च. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, मेळा भरतो, किल्ला बघायला येणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा खोली मिळत नाही. मे-जूनमध्ये लग्नाची तारीख सोडली तर डायनिंग हॉलमध्ये पंखे फिरत असतात आणि मालक गालिचे धुवायला काढतो. नेमकी तेव्हा मुलं पोचतात. पाहुणाच नाही, तर पाहुणचार कुणाकडे बघून शिकायचा? कॅलेंडर आखणाऱ्यांनी एकदा हॉटेलचं रिझर्व्हेशन रजिस्टर उघडून पाहावं, असं मला फार वाटतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. साधी दुरुस्ती आहे, आणि ती करता येण्यासारखी आहे.

आता तो मुलगा.

मुरैन्याचा होता. वडिलांचं गजकचं दुकान. पहिल्याच वर्षी आमच्या प्रॅक्टिकलला साखरेच्या पाकाचा धडा होता, तर याने थर्मामीटरकडे न बघता दोन बोटांत थेंब धरून पाक कुठवर आलाय ते सांगितलं, आणि थर्मामीटरने तेच सांगितलं. गुळाचा पाक ओढून ओढून पांढरट करायचा, मग तिळाबरोबर कुटायचा, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. असा मुलगा मोठ्या हॉटेलात गेला पाहिजे, असं मला वाटलं. मोठं म्हणजे काय, तर मोठ्या नावाचं. मी ओळखी लावल्या, दुसऱ्या शहरातल्या एका नामांकित हॉटेलात त्याला जागा मिळवून दिली, आणि वर्गात सगळ्यांसमोर त्याचं अभिनंदन केलं. नंतर १७ आठवड्यांत मी त्याला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "सब ठीक है मॅडम."

परत आल्यावर त्याचं लॉगबुक माझ्याकडे आलं. रोजच्या पानावर आज काय शिकलात असा रकाना असतो. पहिल्या आठवड्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ग्लास वायपिंग, कटलरी पॉलिशिंग. दुसऱ्या आठवड्यात तेच, थोडं घाईत. तिसऱ्यापासून शब्दांच्या जागी दोन छोट्या उभ्या रेघा. 'वरीलप्रमाणे'च्या खुणा. पानं उलटत गेले तर त्या खुणा मुंग्यांसारख्या खाली खाली चालल्या होत्या. हाउसकीपिंग आणि फ्रंट ऑफिसच्या पानांवर कुणा दुसऱ्याचं लिहिलेलं उतरवून काढलं होतं, ते अक्षरावरून नाही तर भाषेवरून कळत होतं. सोबत चारही खात्यांचे मूल्यमापनाचे फॉर्म होते, चारही ठिकाणी 'समाधानकारक' आणि शिक्का.

मी सही केली. न करते तर त्याचं सत्र वाया जात होतं, हे खरं. पण ती सही करताना माझा हात जड झाला होता, आणि त्या दिवसापासून पत्र आणि काम या दोन गोष्टी मला वेगळ्या दिसायला लागल्या. तो मुलगा आज वडिलांच्या दुकानात बसतो. दुकान छान चालवतो, त्यात कमीपणा काही नाही. पण तो हॉटेलकडे वळला नाही याचं कारण हॉटेल त्याला आवडलं नाही, असं नव्हतं. हॉटेलशी त्याची गाठच पडली नव्हती.

ग्लास पुसणं हलकं काम आहे, असं कुणी समजू नये. माझ्या घरी तर शिकणं त्याहून खालून सुरू होई.

ग्वाल्हेरातला आमचा लष्कर नावाचा भाग वसला तोच मुळी तळ म्हणून. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली डेरे टाकले, आणि ते डेरे उठायचे राहिले, त्यांचंच शहर झालं. फौजेबरोबर आलेली मराठी घरंही इथेच राहिली. आमच्या बोलण्यात हिंदी मिसळली, सकाळच्या खाण्यात बेडई आणि जलेबी आली, पण पंगतीची रीत मात्र आजीच्या शेवटच्या दिवसांपर्यंत जशीच्या तशी होती. गणपतीत घरी साठ-सत्तर पानं उठत. त्यात वाढायला मिळणं हा मान होता, आणि तो टप्प्याटप्प्याने मिळे. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मिठाची वाटी. पानाच्या वरच्या बाजूला मधोमध मीठ, कमी नाही, जास्त नाही, सांडायचं नाही. पुढच्या वर्षी लिंबाच्या फोडी. मग पाण्याचा तांब्या. मग डावी बाजू, चटण्या-कोशिंबिरी. मग भाजी, पोळी, भात. तूप सर्वांत शेवटी. मला तूप वाढायला मिळालं ते माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी.

तुपाला एवढा मान का, हे मला आजीने कधी समजावून सांगितलं नाही. माझं मीठ वाढून झालं की मी भिंतीला टेकून उभी राहत असे, आणि आत्या पळीने तूप वाढत पुढे सरकताना तिच्याकडे बघत असे. कुणी पानावर हात सपाट आडवा धरी, आत्या थांबे आणि पुढे जाई. कुणी बोटं फाकवून हात जरा वरच धरी आणि तोंडाने "पुरे, पुरे" म्हणे, तिथे ती बोटांमधून आणखी अर्धी पळी सोडी, आणि तो माणूस खूश होई. तोंडचे शब्द दोघांचे तेच. आत्या बोलणं ऐकतच नव्हती, ती हात बघत होती. हे मला कळायला सहा-सात गणपती लागले असतील. पण मीठ वाढणारी मुलगी पंगतीतच उभी होती, म्हणून कळलं. आमच्या मुरैन्याच्या मुलाला पुसायला ग्लास दिले, त्याला माझी हरकत नाही. त्याला तोंड पॅन्ट्रीच्या भिंतीकडे करून उभं केलं होतं, आणि तेही आठवडे न् आठवडे. मीठ त्याच्या हाती आलं, पंगत त्याला दिसलीच नाही.

दर वर्षी नव्या वर्गाला मी जयविलास महाल दाखवायला नेत असे. मायकेल फिलोस यांनी बांधलेला हा महाल १८७४ मध्ये पुरा झाला. त्यातल्या मेजवानीच्या दालनात लांबलचक टेबलावर रूळ घातलेले आहेत आणि त्यावर चांदीची आगगाडी आहे. जेवणानंतर ती ब्रँडी आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरे. मुलं चांदी किती असेल, याचे अंदाज बांधत. मी त्यांना एकच गोष्ट बघायला सांगे: पाहुण्याने डब्यातली सुरई उचलली की गाडी थांबते, आणि परत ठेवली की पुढे निघते. गाडी बोलत नाही, काही विचारत नाही, हात हलला की थांबते. जेवण वाढणाऱ्याला एवढंच यायला हवं, आणि तेवढंच यायला वर्षं लागतात. मला ती गाडी बघितली की आत्याची पळी आठवे.

हॉटेलचं शिक्षण हॉटेलातच जन्मलं, हेही आपण विसरतो. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला १८९३ मध्ये झाक त्शुमी नावाच्या हॉटेलचालकाने शाळा काढली, तिचे पहिले वर्ग हॉटेलातच भरले. आपल्याकडे लीलावती मुन्शींच्या पुढाकाराने १९५४ मध्ये मुंबईत या विषयाची पहिली संस्था उभी राहिली. पुढे कॉलेजं वाढली, वर्गखोल्या वाढल्या, आणि ज्या जागेतून हे शिक्षण निघालं तिथे पुन्हा जायला मुलांना पत्र लागू लागलं.

त्या लॉगबुकानंतर मी जागा शोधायची रीत बदलली. आधी मी हॉटेलची यादी घेऊन बसत असे, वरून खाली, तारे मोजत. नंतर मी माणसं शोधायला लागले. दुपारी तीन ते पाच ही हॉटेलातली निवांत वेळ, लंच आवरलेला आणि डिनरची तयारी सुरू व्हायची. त्या वेळी जाऊन मी स्टाफच्या जेवणघरात बसत असे. तिथे अर्ध्या तासात जे कळतं ते एच.आर.च्या केबिनमध्ये कळत नाही. ट्रेनी एका टेबलावर आणि स्टाफ दुसऱ्या टेबलावर बसतो का? भिंतीवरच्या ड्यूटी चार्टमध्ये ट्रेनीचं नाव कुणा जुन्या माणसाच्या नावाशेजारी आहे, की खाली एकत्र 'ट्रेनी, सहा' असं लिहिलंय? एखाद्या कॉमीला, म्हणजे कनिष्ठ मदतनिसाला, विचारावं, तुझ्याबरोबरच्या मुलाचं नाव काय. नाव सांगता आलं तर ती जागा बरी. मुलींसाठी आणखी एक गोष्ट मी कधी सोडली नाही: रात्री अकराला शिफ्ट सुटली तर घरापर्यंत गाडी कोण सोडतं, आणि ड्रायव्हरचा नंबर कुणाकडे असतो. यावर जिथे उत्तर तयार नसे, तिथे मी मुलगी पाठवली नाही, हॉटेल कितीही मोठं असो.

पैशांचा भागही आहे. कित्येक ठिकाणी ट्रेनीला दोन वेळचं जेवण आणि युनिफॉर्मची धुलाई एवढंच मिळतं, हातात काही पडत नाही, किंवा अगदी थोडं पडतं. दिल्ली-जयपूरला खोली घेऊन चार महिने राहायचं तर तो खर्च घरून. ज्याच्या घरून तो येत नाही त्याला आपल्याच गावात जागा शोधावी लागते, आणि ग्वाल्हेरात आहेत किती जागा? शिंद्यांचं जुनं अतिथिगृह असलेलं उषाकिरण पॅलेस आहे, पर्यटन महामंडळाची तानसेन रेसिडेन्सी आहे, सिटी सेंटरकडची चार-सहा नवी हॉटेलं. बाकी स्टेशनजवळची वीस-पंचवीस खोल्यांची. या लहान हॉटेलांना आम्ही कॉलेजवाल्यांनी कधी मोजलंच नाही. तिथे चार वेगळी खाती नसतात हे खरं. रिसेप्शनवरचाच माणूस बिल काढतो आणि गरज पडली तर उशीही बदलतो. ज्याला पुढे मोठ्या साखळीत जायचंय त्याला तिथली शिस्त, तिथलं सॉफ्टवेअर या हॉटेलांत मिळणार नाही. पण पाहुणा आणि शिकणारा यांच्यात भिंत नसते, आणि हे मी आता जास्त महत्त्वाचं मानते. नुसता शिक्का मिळवायचा तर सोपे रस्तेही आहेत. काही ठिकाणी पैसे मोजून न जाताच प्रमाणपत्र मिळतं. ते घेणाऱ्या मुलांवर मी रागावत नाही. त्यांना तास मोजायलाच शिकवलं गेलंय.

शेजारच्या मुलीला मी स्टेशनजवळच्या अशाच एका हॉटेलात घेऊन गेले. मोठं नाही, पण तिथला कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, मला वीस वर्षांपासून माहीत. कुठल्या कॉलेजात गेलेला नाही, चहा नेण्यापासून सुरुवात केलेली. त्याने फॉर्म बघितला आणि हिंदीत म्हणाला, "पंधरा दिवसांत मी काय शिकवू मॅडम?"

मी म्हटलं, "तिला काही शिकवू नका. फक्त पाहुणे दिसतील असं उभं करा."

तिच्या आईला वेगळी काळजी होती. संध्याकाळी ओट्यावर येऊन हळूच विचारलं, "ताई, माणसं कशी आहेत तिथली?" मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनला भेटवून आणलं. ड्यूटी सात ते तीन ठरली. माझ्या मते आईबापांनी अशी जागा डोळ्यांनी बघावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पहिल्या तीन दिवसांत ती फक्त साइडबोर्डपाशी उभी होती. नॅपकिन घड्या करायचे, पाण्याचे जग भरायचे, मीठदाण्या पुसून भरायच्या. तिसऱ्या रात्री आमच्या अंगणात कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसली होती. नवे काळे बूट चावले होते, टाचा सोललेल्या. "काकू, काहीच करू देत नाहीत," म्हणाली. मी म्हटलं, चार दिवस थांब, आणि रोज रात्री एक पान लिही. काय केलंस ते नको. काय दिसलं ते लिही.

अकराव्या दिवशी ती वही घेऊन आली. हंगाम नसल्याने डायनिंग हॉलमध्ये सकाळी सहा-सातच टेबलं भरत होती, आणि एका अर्थी ते बरंच झालं होतं. नवव्या दिवसाचं पान तिने माझ्यापुढे धरलं. लिहिलं होतं: 'खिडकीजवळच्या टेबलावर एक आजोबा एकटे. पोहे अर्धे झाले. पाणी मागितलं नाही. मी कोमट पाणी नेलं.'

"कोमट का?" मी विचारलं.

"त्यांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून बशीशेजारी ठेवली होती. आणि ग्लासातल्या बर्फाच्या पाण्याला हात लावून परत मागे सरकवलं होतं."

"कॅप्टनने सांगितलं का तुला?"

"नाही. ते माझ्या मागेच उभे होते, पण काही बोलले नाहीत. नंतर फक्त म्हणाले, उद्यापासून तिकडची चार टेबलं तू बघ."

मी वही परत केली. फॉर्मवर तासांच्या रकान्यात ८८ भरले होते, ३२ राहिले होते. ती जायला निघाली, दारापाशी चपलेत पाय घालता घालता थांबली.

"काकू, १२० तास झाल्यावरही येऊ देतील का हो मला तिथे? सुट्टी अजून महिनाभर आहे."

"तू विचार," मी म्हटलं. "सकाळी नको. तीननंतर विचार."